बसाप्पा अण्णांची फेरपडताळणी

राजारामपुरीच्या अकराव्या गल्लीत कुणाला काही मोजून बघायचं असलं की लोक बसाप्पा उमराणींच्या दारात यायचे. पेंडीचं पोतं हलकं वाटलं, दुधाचं माप खटकलं, सोनाराच्या काट्याबद्दल मनात पाल चुकचुकली, की चला अण्णांकडं. वजनमापं खात्यात तेहतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेला माणूस. निवृत्त होऊन अकरा महिने झाले होते, पण निरोपाला मिळालेली पितळी वजनांची लाकडी पेटी टीव्हीशेजारी मानानं बसलेली होती. दर रविवारी सकाळी अण्णा ती उघडायचे. वजनं घासायची नाहीत बरं का, घासली की झिजतात. नुसती पुसायची, तीही मलमलीच्या फडक्यानं, पाच किलोपासून उतरत्या क्रमानं एक ग्रॅमपर्यंत. हे सगळं होईपर्यंत त्यांची बायको नीलम्मा पोहे झाकून बसलेली असायची.

अशा गल्लीत, ऐन समोरच्या घराच्या तळमजल्यावर एका सकाळी पाटी लागली. 'मानसमापन केंद्र. बुद्धी, कल, व्यक्तिमत्त्व. उन्मेष वाळिंबे.' अण्णांनी हातात दुधाची किटली धरून ती तीनदा वाचली. बुद्धीबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती, कलाबद्दलही नव्हती. पण मापन? या गल्लीत मापनाचा माणूस आधीपासून राहत होता, त्याला एका शब्दानं विचारायची पद्धत आहे की नाही?

उन्मेष कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचा. वय पस्तिशीचं, बोलणं मऊ, दारात चपला जोडून ठेवायची सवय. अण्णांनी आठवडाभर खिडकीतून पाहणी केली आणि नाव ठेवायला जागा सापडेना, तेव्हा त्यांना तो जास्तच आवडेनासा झाला. बघता बघता गल्लीतली माणसं अण्णांच्या दारावरून सरळ पुढं जाऊ लागली. कुणी मुलगी सायन्सला घालायची का विचारायला, कुणी नवऱ्याचा तापटपणा मोजून घ्यायला. पेंडीचं पोतं कुणी आणीना.

अण्णांना शेवटी मुद्दा सापडला तो शिक्क्याचा. कोपऱ्यावर कोथिंबीर विकणाऱ्या बाईच्या तराजूला दरसाल शिक्का लागतो, आणि हा माणसाची अक्कल तोलतोय त्याला काहीच नको? इस्त्रीचा शर्ट घालून अण्णा आपल्या जुन्या कचेरीत गेले. त्यांच्या खुर्चीवर आता सम्राट होता. वजन चिमट्यानं कसं उचलायचं हे अण्णांनीच त्याला शिकवलेलं. पोरगा गुणी, उठून पाया पडला, चहा मागवला, आणि मग अदबीनं अर्जाचा कागद पुढं सरकवला. यंत्राचा प्रकार, ठिकाण, एकक. अण्णांचं पेन एककापाशी अडलं.

"किलो, लिटर, मीटर, कायतरी लिवावंच लागतंय अण्णा," सम्राट कळवळून म्हणाला. "एकक न्हाई तर अर्ज न्हाई, हे तुमीच शिकिवलंय."

तिथून अण्णा दुसऱ्या कचेरीत गेले, तर साहेब पन्हाळ्याला शिबिराला. पुन्हा गेले, तर साहेब पन्हाळ्याहून आलेले पण जेवायला. तिसऱ्या खेपेला एका कारकुनानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आवाज खाली आणून 'घरात काय ताणतणाव हाय का' असं विचारलं, आणि एका चिठोऱ्यावर पत्ता लिहून दिला. माणूस चांगला आहे, मोकळेपणानं बोला, म्हणाला. अण्णांनी रिक्षात बसून चिठोरं उघडलं. राजारामपुरी, अकरावी गल्ली, उन्मेष वाळिंबे.

ते घरी आले तेव्हा नीलम्मा घरात नव्हती. उन्मेषच्या बायकोची, मैथिलीची वाटी परत द्यायला म्हणून समोर गेली होती, ती दीड तासानं आली आणि आली ती बुद्धीची चाचणी देऊनच. चेहरा उजळलेला. शततमक अठ्ठ्याऐंशी आलं म्हणाली. अण्णांनी पेपर खाली न करता बारा कमी पडले असं सांगितलं. तसं नसतं म्हणे. शंभर माणसं हुशारीच्या ओळीत उभी केली तर अठ्ठ्याऐंशी तिच्या मागं राहतात, असा त्याचा अर्थ. ही ओळ नक्की कुठं लावली होती, असं अण्णांनी खवचटपणे विचारून बघितलं. पण नंतर दुपारभर ते मनातल्या मनात त्या ओळीत उभे राहिले, आणि आपण नीलम्माच्या पुढं की मागं हे काही त्यांना ठरवता येईना.

पुढच्या सोमवारपासून नीलम्मा समोर कामालाच जाऊ लागली. दुपारी तीन तास. सूचना वाचून दाखवायच्या, सगळ्यांना त्याच शब्दांत, त्याच आवाजात, एक शब्द कमी नाही की जास्त नाही, आणि गळ्यातलं स्टॉपवॉच दाबायचं. तिचा आवाज या कामाला फार चांगला आहे, असं उन्मेष म्हणाला होता. एकतीस वर्षांच्या संसारात अण्णांनी त्या आवाजाबद्दल असा काही विचारच केला नव्हता. आता संध्याकाळी ती आली की सर असं म्हणाले आणि सर तसं म्हणाले. अण्णांना हेवा वाटला. स्वच्छ सांगायचं तर छातीत जळजळ व्हायला लागली. त्यांनी तिला पित्त असं नाव दिलं आणि धन्याजिऱ्याचं पाणी सुरू केलं.

गल्लीनं सल्ला द्यायला कधी कंजुषी केलेली नाही. धोंडुबाई, तीच कोपऱ्यावरची कोथिंबीरवाली, म्हणाली की अण्णा तुमीबी एक पाटी लावा की, हाय काय न्हाय काय. अमरसिंह जास्त पुढं गेला. हा एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर, तरुणपणी तालमीत घुमलेला, अण्णांचा रोजचा सोबती. त्यानं अण्णांनाच त्यांच्या खात्याची रीत आठवण करून दिली. दुकानदाराला पकडायचं तर अर्ज करत बसतो का आपण? गिऱ्हाईक बनवून माणूस पाठवायचा. तो माणूस व्हायला आपण तयार आहोत, असंही त्यानं सांगून टाकलं.

अण्णांचे डोळे लकाकले. खरा काटा कोणता? तेच वजन तीनदा ठेवलं तर तीनदा तेच दाखवतो तो. अमरसिंह गेला, बुद्धीच्या चाचणीला बसला, एकोणीस गुण घेऊन आला. आठ दिवसांनी पुन्हा गेला आणि आणले सत्तावीस. माणूस तोच, मेंदू तोच, आणि आठ गुणांचा फरक. अण्णा तो कागद नाचवत समोर गेले. नीलम्मा तिथंच होती, हे बरंच झालं असं त्यांना वाटलं.

उन्मेषनं कागद बघितला, अमरसिंहकडं बघितलं आणि मधल्या आठ दिवसांत काय केलं एवढंच विचारलं. अमरसिंह सरळ माणूस. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जातो तिथं कट्ट्यावर सगळे प्रश्न सांगितले म्हणाला, आणि दोन मास्तर, एक वकील आणि म्हशीचा मालक यांनी मिळून ते सोडवले. उन्मेष हसला नाही. सरावानं गुण वाढतातच, म्हणून आपल्याकडं तशाच वजनाचा दुसरा संच असतो, असं म्हणत त्यानं अमरसिंहला वेगळे प्रश्न दिले. आले वीस.

"एकोणीस आणि वीस. एवढी त्रुटी प्रत्येक मापात असते, ती किती हे आधी सांगावं लागतं," उन्मेष म्हणाला. "पण अण्णा, तुम्ही विचारलंत ते अगदी बरोबर. चाचणी विश्वासाची आहे का, हे असंच तपासतात. आमच्या पुस्तकातला पहिला धडाच हा."

आता भांडायला आलेल्या माणसानं यावर काय करावं? अण्णांनी दुसरा वार केला. ही मापं कुठल्या माणसांवर बसवलीत? पुण्यामुंबईच्या? मग कोल्हापूरच्या माणसाला परका गज का लावता? यावर तर उन्मेष खुर्चीतून उठलाच. अगदी हेच आपण महिनाभर म्हणतोय म्हणाला. इथली प्रमाणकं इथल्याच माणसांवर काढायला हवीत, नाहीतर नुसत्या गुणांना काही अर्थ नाही. त्यासाठी चार दिवस फिरायचं ठरलंय, कबनूरला यंत्रमागवाले, शिरोळला ऊसवाले, पन्हाळ्याला दुकानदार. मैथिली येणार आहे आणि नीलम्माकाकू येणार आहेत.

नीलम्माकाकू येणार आहेत, हे अण्णांना तिथं, उभ्याउभ्या कळलं. स्टॉपवॉचची दोरी बोटाला गुंडाळत नीलम्मा म्हणाली, "आज सांगणारच होते."

घरी आल्यावर मात्र बांध फुटला. अण्णा काय काय बोलले ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. लग्नानंतर ती त्यांच्याबरोबर कुठं गेली होती तर नृसिंहवाडीला आणि फार तर फार सौंदत्तीला, आणि आता चार दिवस शिरोळ-कबनूर. शेवटी त्यांनी पैज मांडली. आपण स्वतः त्या व्यक्तिमत्त्वाच्या चाचणीला बसणार. तेहतीस वर्षं आपण काटे पकडलेत, हाही पकडणार. चाचणी खोटी ठरली तर नीलम्मानं काम सोडायचं.

"आणि खरी निघाली तर?" नीलम्मानं शांतपणे विचारलं.

"तर मी यातलं एक अक्षर बोलणार न्हाई. तोंडच उघडणार न्हाई."

नीलम्माला जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, बॅग काढून पुसून ठेवली होती तिनं. तरी ती बरं म्हणाली, कारण अण्णांचा काट्याच्या बाबतीतला शब्द कधी इकडचा तिकडं झालेला नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

अण्णा चाचणीला बसले तेव्हा नीलम्मानं सूचना वाचल्या, सगळ्यांना वाचते त्याच आवाजात. नवरा म्हणून एक स्वर वेगळा नाही. नव्वद वाक्यं होती, पुढं होय किंवा नाही. आणि इथं अण्णांची एक चमत्कारिक कोंडी झाली. चाचणीनं त्यांना वाईट म्हटलं तर ती खोटी म्हणता येणार होती, पण मग गल्लीत वाईट ठरायचं. चांगलं म्हटलं तर नाव होणार, पण मग खोटी कशी म्हणायची? अण्णांनी पाच मिनिटं विचार केला आणि नाव निवडलं. शेवटी इभ्रत ती इभ्रत. मी आजवर एकदाही खोटं बोललो नाही? होय. मी कधीच कुणावर चिडलो नाही? होय. माझ्याबद्दल कुणी मागं बोललं तर मला वाईट वाटत नाही? होय. सदतिसाव्या वाक्यापाशी पेन जरा थांबलं. मला कधीही कुणाचा हेवा वाटलेला नाही. समोर नीलम्मा घड्याळाकडं बघत होती. अण्णांनी होयवर इतकी जोरात खूण केली की ती पुढच्या पानावर उमटली.

शनिवारी उन्मेष स्वतः पाकीट घेऊन आला. घरी, एकट्यानं वाचा अण्णा, असं दोनदा म्हणाला. त्याचा चेहरा पडलेला बघून अण्णांना आतून गुदगुल्या झाल्या. त्यांनी पाकीट उघडलं नाही. सीलबंद नमुना पंचांसमक्ष उघडायचा असतो, ही तेहतीस वर्षांची शिस्त. उलट त्यावर सही करून त्यांनी तारीख घातली आणि रविवारी दहाला अमरसिंहच्या कट्ट्यावर सगळ्यांना बोलावणं धाडलं. उन्मेष जिना उतरता उतरता पुन्हा वर आला आणि निदान तुमच्या समाधानासाठी आधी एकदा बघा म्हणाला. अण्णांनी त्याला नियम समजावून सांगितला.

रविवारी वजनं पुसायची तशीच राहिली. दहाला कट्टा भरला होता. धोंडुबाईनं गाडा तिथंच लावला. नीलम्मा मैथिलीशेजारी उभी होती. अण्णांनी पाकीट सगळ्यांना फिरवून दाखवलं, सील शाबूत असल्याचं अमरसिंहकडून वदवून घेतलं, चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"उत्तरं देणाऱ्यानं स्वतःला वाजवीपेक्षा चांगलं दाखवल्याचं दिसतं. खोटेपणाच्या पट्टीवर गुण दहापैकी दहा." इथं आवाज जरा खाली आला. "सबब, बाकीचा निकाल ग्राह्य धरता येत नाही."

अमरसिंहनं, मित्राच्या काळजीपोटीच, म्हंजे अण्णा नापास काय असं विचारलं. उन्मेष घाईघाईनं पुढं आला. नापास नव्हे, मोजताच आलं नाही. त्या नव्वदांत दहा वाक्यं मुद्दाम पेरलेली असतात, कधी खोटं बोललो नाही, कधी हेवा केला नाही अशी. हाडामांसाच्या माणसाला त्यातलं एकदोन फार तर खरं म्हणता येतं. दहाच्या दहा म्हटली की समजायचं, बाकीच्या उत्तरांवरही भरवसा नाही.

धोंडुबाई गाड्यामागून बघत होती. सोळा वर्षांपूर्वी तिनं पारड्याच्या बुडाला चिंचेचा गोळा चिकटवला होता, आणि अण्णांनी भाजी खाली ओतायला लावून रिकाम्या पारड्यानं तो पकडला होता. अख्ख्या बाजारासमोर.

"अण्णा," ती म्हणाली, खालच्या आवाजात, टोमणा न मारता, "तुमचं पारडंबी रिकामं करून बगितलं की वो ह्यांनी."

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या क्षणी त्यांना सुटता आलं असतं. असलं कसलं माप, मी खरं बोललो तर मलाच खोटा ठरवतंय, एवढं म्हटलं असतं तर अर्धी गल्ली त्यांच्या बाजूनं झाली असती. नीलम्माला काम सोडावं लागलं असतं. अण्णांनी तिच्याकडं बघितलं. ती खाली बघत होती आणि दोरी बोटाला घट्ट गुंडाळत होती. पण अण्णांच्या डोक्यात ते रिकामं पारडं बसलं होतं. माल तोलायच्या आधी गिऱ्हाईकच तपासून घेणारा काटा त्यांनी तेहतीस वर्षांत बघितला नव्हता. काय डोकं लावलंय, असं त्यांच्यातला निरीक्षक म्हणून गेला, आणि तो निरीक्षक अण्णांपेक्षा जरा जास्त सरळ माणूस होता.

"काटा बरोबर हाय," अण्णा म्हणाले. "मालच खोटा हाय."

चष्मा खिशात घालून ते घरी निघाले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं असं अण्णांना वाटलं.

पैज ती पैज. घरी येऊन ते तोंड न उघडता पाटावर बसले. नीलम्मानं भाकरी, झुणका, दही वाढलं. मीठ पाहिजे होतं ते त्यांनी बोटानं दाखवलं. अर्धी भाकरी झाल्यावर नीलम्मानं ताटाशेजारी एक कागद आणून ठेवला, वर पेन. तीच नव्वद वाक्यं.

"फेरपडताळणी," ती म्हणाली. "बोलायचं न्हाईच. खुणा करा नुसत्या."

अण्णांनी डाव्या हातानं ताट सरकवलं, उजवा धुऊन आले आणि बसले. या खेपेला वेळ लागला. खोटं बोललो नाही? नाही. चिडलो नाही? नाही, नाही. सदतिसाव्यापाशी पेन पुन्हा थांबलं. त्यांनी नाहीवर खूण केली, मग ते कमी पडलं असं वाटून शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'समोरच्यांचा. फार.' नीलम्मानं त्यावर गुण मोजायचा छिद्रांचा कागद ठेवून मोजलं. दहापैकी एक.

"एवढी तूट चालते," ती म्हणाली.

मग ती समोर बसली. तिनं स्वतः ही चाचणी महिन्यापूर्वीच दिली होती. सदतिसाव्याला तिनंही नाहीवरच खूण केली होती. अण्णांनी मान वर केली. कुणाचा, हे त्यांना विचारायचं होतं, पण विचारता येत नव्हतं.

"त्या पेटीचा," नीलम्मा म्हणाली. "दर रविवारी बघते. इतक्या हलक्या हातानं पुसता. पोहे गार होतात तिकडं."

अण्णा पेटीकडं बघत राहिले. मग उठले, पेटी उघडली, अर्ध्या किलोचं वजन काढलं, फडक्याशिवाय, तसंच उघड्या हातानं, आणि तिच्यापुढं ठेवलं.

"शिरोळला वारं लई असतंय," ते म्हणाले. पैज मोडल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. "कागद उडतील. हे ठेव वर. रविवारी पुसायचं वगैरे काय न्हाई, चिखल लागला तर लागू दे."

नीलम्मानं वजन पिशवीत टाकलं. पिशवीत उद्याच्या कामाचा शिक्काही होता. तिनं तो काढला, शाईच्या गादीवर दाबला आणि अण्णांचं डावं मनगट ओढून त्यावर नीट, सरळ उमटवला. अक्षरं उठली, 'तपासले.'

अण्णांनी मनगट उजेडात धरलं. शिक्क्याच्या खाली बारीक अक्षरात उन्मेषचं नाव होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं, छातीत पुन्हा थोडं जळजळलं, आणि उरलेली भाकरी संपवून हात धुताना डावं मनगट तेवढं त्यांनी पाण्याबाहेर धरलं.